द्रोण, चिठ्ठ्या आणि सुतळी: कॉम्प्युटरला हात न लावता लँग्वेज मॉडेल शिकवताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरजवळच्या एका मराठी शाळेत सहावी ते नववीला शिकवते. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आलं आणि वर्षभरात पोरांच्या तोंडी एआय एआय सुरू झालं, पण आत काय चालतं विचारलं की सगळे गप्प. म्हणून त्याच्या आत जे लँग्वेज मॉडेल असतं, म्हणजे पुढचा शब्द ओळखणारी यंत्रणा, ते शिकवायला मी चिठ्ठ्या घेऊन वर्गात खेळ घ्यायला लागले. आता दुसऱ्या शाळांतले सर, मॅडम, पालक भेटले की तेच तेच प्रश्न विचारतात, तेव्हा सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

पहिल्या तासाला नक्की करता काय?

वर्गात गेल्या गेल्या फळ्यावर काही लिहीत नाही, फक्त मोठ्यानं म्हणते "जोतिबाच्या नावानं..." आणि थांबते. आख्खा वर्ग ओरडतो, "चांगभलं!" मग "तांबडा..." म्हणलं की "पांढरा!" येतं, मधी एखादा "रस्सा" म्हणतो, तेही बरोबरच आहे. मग विचारते, हे तुम्हाला कुठल्या पुस्तकातनं शिकवलं? कुणीच शिकवलेलं नसतं, कानावर इतक्या वेळा पडलंय की जीभ आपोआप वळते.

त्यानंतर तिसरं वाक्य देते, "संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर..." आणि इथं एकमत होत नाही. हात वर करायला लावून मोजायचं, समजा ४० पोरांत फिरायला २१, भेळ ९, गेलो ६, बसलो ४. हे आकडे फळ्यावर तसेच ठेवायचे आणि सांगायचं की मॉडेलचं उत्तर म्हणजे मुळात हे आकडे, शब्द नाही. त्याला माहीत असलेल्या प्रत्येक शब्दाला ते असा एक आकडा देतं, मग त्यातला एक शब्द उचलला जातो, तो वाक्याला जोडला जातो आणि परत पहिल्यापासून सगळे आकडे. एका वेळी एकच तुकडा, म्हणजे शब्द किंवा शब्दाचा भाग. पोरांना वाटत असतं की आत आख्खं उत्तर तयार करून ठेवलेलं असतं आणि ते आपल्याला टाइप करून दाखवतं, तो समज इथंच ढिला होतो.

कॉम्प्युटरशिवाय हे शिकवणं म्हणजे वहीत पोहायला शिकवणं नाही का?

उलट या विषयाची सुरुवातच वहीत झाली. १९१३ साली रशियात मार्कोव्ह नावाच्या गणितज्ञानं पुश्किनच्या काव्यातली २०,००० अक्षरं हातानं मोजली, स्वरानंतर स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा, एवढंच बघायला. मग १९४८ साली अमेरिकेत क्लॉड शॅननने त्याच्या प्रसिद्ध पेपरमध्ये एक युक्ती सांगितली: पुस्तक कुठंही उघडा, एक शब्द घ्या, दुसरीकडं कुठंतरी उघडून तोच शब्द सापडेपर्यंत वाचा, सापडला की त्याच्या पुढचा शब्द लिहा, मग तो शब्द शोधा. ही युक्ती बालभारतीच्या पुस्तकावर जशीच्या तशी चालते, "आणि"पासून सुरू करा, पंधरा मिनिटांत मराठीसारखं दिसणारं पण अर्थ नसलेलं एक वाक्य तयार होतं. काही तयारी करायला वेळच मिळाला नाही तर मी हाच खेळ घेते.

बिनकॉम्प्युटरनं कॉम्प्युटर सायन्स शिकवायची पद्धतही नवीन नाही, न्यूझीलंडच्या टिम बेल आणि मंडळींनी १९९० च्या दशकापासून ती जगभर पोचवली. आणि खरी गोष्ट अशी की मोबाईलवर चॅटबॉट दाखवला की पोरं उत्तर बघतात, आणि चिठ्ठी स्वतःच्या हातानं काढली की ते उत्तर आलं कुठनं हे बघतात. मला दुसरं पाहिजे.

चिठ्ठ्यांचं मॉडेल कसं बनवायचं, अगदी पहिल्यापासून सांगा.

फळ्यावर ही सहा वाक्यं लिहा:

आई बाजारात गेली
आई शेतात गेली
आजी बाजारात बसली
आजी देवळात गेली
बाबा शेतात गेले
बाबा कट्ट्यावर बसले

आठ द्रोण घ्या. एकावर "सुरुवात" लिहा, बाकीच्यांवर आई, आजी, बाबा, बाजारात, शेतात, देवळात, कट्ट्यावर. आता एकेक वाक्य वाचत जायचं आणि प्रत्येक शब्दाची चिठ्ठी त्याच्या आधीच्या शब्दाच्या द्रोणात टाकायची. म्हणजे पहिल्या वाक्यातली "आई" सुरुवातीच्या द्रोणात, "बाजारात" आईच्या द्रोणात, "गेली" बाजारातच्या द्रोणात. सहा वाक्यं, प्रत्येकी तीन शब्द, एकूण १८ चिठ्ठ्या झाल्या पाहिजेत, मोजून घ्या, एखादी हमखास चुकीच्या द्रोणात गेलेली असते. हे झालं ट्रेनिंग. फळा पुसून टाका! हे विसरू नका, कारण वाक्यं समोर असली की पोरं चिठ्ठी न बघताच उत्तर देतात, आणि खरं मॉडेलसुद्धा उत्तर देताना ट्रेनिंगचा मजकूर उघडून बघत नाही, त्याच्याकडं उरलेलं असतं ते फक्त द्रोणात जे आहे ते.

आता सुरुवातीच्या द्रोणातनं डोळे मिटून चिठ्ठी काढायची, जो शब्द येईल त्याच्या द्रोणाकडं जायचं, तिथनं काढायची, क्रियापद आलं की थांबायचं. प्रत्येक जोडीला दोन-तीन वाक्यं बनवू द्या आणि फळ्यावर तीन रकाने करा: जुनं, नवं पण बरोबर, चुकीचं. हिशोब घातला तर १२ वाक्यांत साधारण ८ जुनी येतात, २ नवी आणि बरोबर ("आई बाजारात बसली", "आजी बाजारात गेली") आणि २ चुकीची ("आई शेतात गेले", "बाबा शेतात गेली"). नववीला हा हिशोब त्यांनाच करायला लावा, एक तृतीयांश गुणिले एक द्वितीयांश गुणिले एक द्वितीयांश, संभाव्यतेचा धडा फुकटात होतो.

माझ्या वर्गात "आजी बाजारात गेली" आल्यावर एक पोरगा उठून म्हणाला, "बाई, हे तर आपण लिहिलंच नव्हतं!" त्या क्षणासाठी हा सगळा खटाटोप.

चिठ्ठी काढल्यावर परत टाकायची का?

हो, लगेच, त्याच द्रोणात. पहिल्या वेळी मी हे सांगायलाच विसरले, दहा मिनिटांत द्रोण रिकामे झाले आणि पोरांनी निष्कर्ष काढला की एआय वापरून वापरून संपतं. तो समज काढायला पुढचा आख्खा तास गेला.

"बाबा शेतात गेली" आलं की पोरं हसत सुटतात, पुढं काय करायचं?

हसू द्या, मग विचारा की चूक कुणाची? कुणीतरी बरोबर सांगतं की "शेतात"च्या द्रोणाला माहीतच नाही आधी आई होती का बाबा. त्याची आठवण एका शब्दाची. मराठीत क्रियापद कर्त्याचं लिंग-वचन मागतं म्हणून ही चूक लगेच डोळ्यात भरते, आपल्या भाषेचा हा मोठा फायदा आहे, इंग्रजीत आई गेली काय नि बाबा गेले काय, क्रियापद तेच राहतं, तिथं एवढ्या छोट्या खेळात हे दिसलंच नसतं.

मग उपाय पोरंच सुचवतात, दोन शब्द लक्षात ठेवूया. म्हणजे "आई शेतात" असा एक द्रोण, "बाबा शेतात" असा दुसरा. करून बघा, चुका खरंच गायब होतात. पण थांबा, तिसरा रकाना रिकामा झाला तसा मधला पण रिकामा झाला! "आई बाजारात" या द्रोणात फक्त "गेली" आहे, त्यामुळं "आई बाजारात बसली" आता येऊच शकत नाही. मॉडेल फक्त सहा जुनी वाक्यंच बोलतं, निव्वळ घोकंपट्टी. हे आधी मी पोरांना सांगत नाही, त्यांचं त्यांना दिसेपर्यंत वाट बघते.

आणि दुसरी अडचण द्रोणांची. भाषेत १,००० च शब्द आहेत असं धरलं तरी दोन शब्दांच्या जोड्या होतात १० लाख, तीन शब्दांच्या १०० कोटी. एवढे द्रोण लावायला गांधी मैदान पण पुरायचं नाही, आणि त्यातले बहुतेक रिकामेच राहतील कारण तसं वाक्य कुणी कधी बोललेलंच नसतं.

मग खरं मॉडेल द्रोण न वापरता काय वापरतं?

आकडे. इथं मी वर्ग मैदानावर नेते. फक्कीनं दोन रेघा मारायच्या, एक गोड ते तिखट, दुसरी शेतात ते ताटात. पोरांच्या हातात शब्दांच्या पाट्या: ऊस, गूळ, काकवी, मिरची, मिसळ, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. आपापली जागा शोधा म्हणायचं. ऊस गोड बाजूला पण शेतात, गूळ गोड आणि ताटाकडं सरकलेला, मिसळ आणि तांबडा रस्सा जवळजवळ खांद्याला खांदा लावून, पांढऱ्यावरनं मात्र भांडणं होतात, होऊ द्या. आता प्रत्येक शब्दाचा पत्ता म्हणजे दोन आकडे. जवळ उभे असलेले शब्द एकमेकांच्या जागी चालण्यासारखे, त्यामुळं "आई बाजारात बसली" कधी वाचलं नसलं तरी आजी जवळच उभी आहे म्हणून मॉडेलला ते सुचू शकतं. द्रोणाला हे जमत नव्हतं.

मैदानावर दोन रेघा, आणि जीपीटी-३ मध्ये (चॅटजीपीटीच्या आधीचं, २०२० सालचं मॉडेल) एकेका तुकड्यासाठी १२,२८८ आकडे. एवढ्या दिशा मैदानावर काढता येणार नाहीत, आणि त्या दिशांना गोड-तिखट अशी आपण दिलेली नावंही नसतात, हे नक्की सांगा.

पोरं विचारतातच, मशीनला चव कुठं कळते, मग त्याला जागा कशी कळली? त्यासाठी एक छोटा खेळ. मी एक खोटा शब्द घेते, टकमुक. "आईनं टकमुक चिरला. टकमुक चिरताना डोळ्यातनं पाणी आलं. यंदा टकमुक महागलाय." तिसऱ्या वाक्याच्या आतच कांदा कांदा ओरडायला लागतात. टकमुक कुणी बघितला नाही, खाल्ला नाही, नुसते शेजारी बघून ओळखला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण इथं इतकी चपखल बसते की आमच्या वर्गात या खेळाचं नावच ढवळ्या-पवळ्या पडलंय.

आणि हे आकडे बसवतं कोण, तर कुणी हातानं बसवत नाही. तबलजी सूर लावताना बघितलाय ना, हातोडीनं थोडं ठोकायचं, वाजवून ऐकायचं, परत थोडं ठोकायचं. तसं पुढचा शब्द ओळखायला लावायचं, किती चुकलं ते बघायचं आणि सगळे आकडे जरा जरा सरकवायचे, असं प्रचंड मजकुरावर पुन्हा पुन्हा. जीपीटी-३ मध्ये असे सरकवायचे आकडे १७,५०० कोटी आहेत.

अटेन्शन सुतळीनं कसं दाखवायचं?

हा माझा सगळ्यात आवडता खेळ. अटेन्शन म्हणजे पुढचा शब्द ठरवताना मागच्या कुठल्या शब्दाकडं किती लक्ष द्यायचं ते. आठ पोरं ओळीनं उभी करा, प्रत्येकाच्या हातात एक पाटी: कळशी / बादलीत / बसली / नाही / कारण / ती / मोठी / आहे. विचारा, मोठी कोण? कळशी. आता "मोठी"च्या जागी "लहान" पाटी द्या. लहान कोण? बादली! एकच शब्द बदलला आणि "ती" दुसऱ्याच वस्तूकडं गेली, आणि दोन्ही स्त्रीलिंगी असल्यामुळं व्याकरण मदतीला येत नाही, म्हणून शब्द मुद्दाम असे निवडलेत.

शेवटच्या पोराच्या हातात सुतळीची टोकं द्या आणि पुढचा शब्द ठरवायला त्याला कुणाकुणाची मदत लागते त्यांच्या हातात दुसरी टोकं. जास्त महत्त्वाचा शब्द तर सुतळी ताठ, कमी तर ढिली. "कारण" आणि "नाही"ची सुतळी पोरं आधी विसरतात, मग त्यांना बघायला सांगायचं की "नाही" काढून टाकलं तर अर्थ राहतो का.

एक नियम कडक पाळा: सुतळी फक्त मागं जाते, पुढं नाही. चॅटबॉटमधली मॉडेलं लिहिताना अजून न आलेला शब्द बघू शकत नाहीत, त्यामुळं "ती" उभी असताना तिला "मोठी" दिसत नाही, "मोठी" आल्यावर तिनं मागं बघायचं असतं. हा नियम बरेचजण सोडून देतात आणि मग पोरांना वाटतं मशीन आख्खं वाक्य एकदम बघतंय. सुतळी किती ताठ हे खऱ्या मॉडेलमध्ये पोरं ठरवत नाहीत, ते त्याच आकड्यांच्या गुणाकारातनं निघतं, आणि असं एकदा नाही, थरावर थर होतं, जीपीटी-३ मध्ये ९६ थर. ही कल्पना ज्यावर उभी आहे ती ट्रान्सफॉर्मर नावाची रचना गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली मांडली, म्हणजे आमची सहावीची पोरं त्या रचनेपेक्षा वयानं मोठी आहेत, हे सांगितलं की त्यांना लई भारी वाटतं.

टोकन म्हणजे शब्द का अक्षर?

दोन्हीच्या मधलं काहीतरी, मॉडेल मजकूर ज्यात तोडून वाचतं तो तुकडा. शाळेत, घरात, शेतात, देवळात, बाजारात हे पाच शब्द घ्या, कागदाच्या पट्टीवर अक्षर आणि काना-मात्रा वेगवेगळे लिहा (घ, र, काना, त असं). आता सगळ्यात जास्त वेळा शेजारी शेजारी आलेली जोडी शोधा. काना आणि "त" चार वेळा येतात, बाकी कुठलीच जोडी तेवढी येत नाही. ती जोडी डिंकानं चिकटवून एक तुकडा करा, मग परत मोजा, परत चिकटवा. मजा अशी की पहिल्याच फटक्यात आपण मराठीच्या तासाला शिकवतो तो सप्तमीचा "त" त्याच्या सामान्यरूपासकट बाहेर पडला, आणि व्याकरणाचा एक शब्द कुणी उच्चारला नाही. ही पद्धत मुळात १९९४ साली फिलिप गेजने फाईलचा आकार कमी करायला काढली होती, भाषेच्या मॉडेलांनी ती नंतर उचलली.

मोठ्या पोरांना अजून एक दाखवते. "कोल्हापूर" आपल्याला चार अक्षरं वाटतात, कॉम्प्युटरसाठी सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची जी यादी आहे त्या युनिकोडमध्ये ती ९ चिन्हं आहेत (क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र), आणि युटीएफ-८ नावाच्या पद्धतीत साठवली की २७ बाइट (बाइट म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणीचं छोटं माप). तेच नाव इंग्रजी लिपीत ८ अक्षरं, ८ बाइट. त्यात ट्रेनिंगमध्ये इंग्रजी मजकूर जास्त असला की इंग्रजीचे तुकडे मोठे चिकटतात आणि मराठीचे बारीक बारीक राहतात, म्हणजे तीच गोष्ट सांगायला मराठीत जास्त तुकडे लागतात. ही गोष्ट पोरांनी मनाला लावून घेतली, आणि मलाही ती लागते.

एकच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर वेगळं का येतं?

"आज नाष्ट्याला..." असा द्रोण करा, त्यात पोहे ६, उप्पीट ३, मिसळ १. नेहमी जास्त चिठ्ठ्यांचाच शब्द घ्यायचा ठरवलं तर जन्मभर पोहे. डोळे मिटून काढली तर दहात कधीतरी मिसळ. आता सगळ्यांचे वर्ग करा: ३६, ९, १. पोह्यांचा वाटा ६० टक्क्यांवरनं ७८ वर गेला, मॉडेल जास्त सावध झालं. उलट सगळ्यांची एकेकच चिठ्ठी ठेवली तर काहीही येईल. या सावध-मोकळं करण्याच्या बटणाला टेंपरेचर म्हणतात. वर्ग करायचा खेळ आठवीच्या पुढंच घ्या, खालच्या वर्गात नुसत्या चिठ्ठ्या वाढवून-कमी करून भागतं.

ते इतक्या आत्मविश्वासानं चुकीचं का सांगतं?

दोन वाक्यं घ्या, दोन्ही खरी. "शिवाजी विद्यापीठ सुरू झालं ते साल १९६२." "सक्तीचं शिक्षण सुरू झालं ते साल १९१७." (दुसरं शाहू महाराजांच्या करवीर संस्थानातलं.) द्रोण भरा, वाक्यं काढा. चारात एकदा येतं "शिवाजी विद्यापीठ सुरू झालं ते साल १९१७". वाक्य कसं सुबक आहे बघा, व्याकरण बरोबर, कुठं अडखळणं नाही, आणि धादांत खोटं. सालाच्या मागचे चार शब्द दोन्ही वाक्यांत तेच आहेत त्यामुळं चार शब्दांची आठवण दिली तरी हे सुटत नाही, पाचवा लागतो.

खोटं बोलणं म्हणजे खरं माहीत असून लपवणं, इथं तसं काही नाही. द्रोणात "मला माहीत नाही" अशी चिठ्ठीच कुणी टाकली नव्हती. खरं मॉडेल खूप मागचं बघतं म्हणून त्याची चूक अगदी अशीच होत नाही, पण जी गोष्ट त्यानं फार थोड्या वेळा वाचली तिथं त्याचे आकडे नीट बसलेले नसतात आणि तरी वाक्य मात्र तेवढंच सफाईदार येतं. आपल्या गावाच्या ग्रामदैवताबद्दल, तालमीबद्दल विचारलं की काय होतं ते पोरांनी घरी बघितलेलं असतंच, आता का ते कळतं.

नुसतं वाचून शिकलं तर ते इतकं अदबीनं कसं बोलतं?

वाचून झाल्यावर दुसरी शिकवणी असते, माणसं दोन उत्तरांतलं चांगलं कुठलं ते सांगतात आणि मॉडेल तिकडं झुकवलं जातं. चांगल्याला बक्षीस, वाईटाला शिक्षा, हे दाखवायला काडेपेट्या. ब्रिटनच्या डोनाल्ड मिचीनं १९६१ साली ३०४ काडेपेट्या आणि मणी वापरून फुल्ली-गोळा शिकणारं यंत्र केलं होतं, बिनविजेचं. आपण नऊ पेट्यांत भागवू. दहा चिंचोके मांडा, पाळीपाळीनं एक किंवा दोन उचलायचे, शेवटचा उचलेल तो जिंकला. पेट्यांवर २ ते १० आकडे, प्रत्येकीत तीन पांढरे मणी (एक उचल) आणि तीन तांबडे (दोन उचल). जेवढे चिंचोके उरलेत त्या आकड्याची पेटी उघडून न बघता मणी काढायचा. यंत्र जिंकलं तर काढलेले मणी परत आणि प्रत्येक पेटीत त्याच रंगाचा एक जास्तीचा, हरलं तर शेवटचा मणी जप्त. पेटी रिकामी झाली की यंत्रानं हार मानायची आणि त्याच्या आधीच्या चालीचा मणी काढायचा. समोरचा नीट खेळत असेल तर ३, ६, ९ च्या पेट्या रिकाम्या व्हायला लागतात, आणि ते का, हे मी कधीच सांगत नाही.

साहित्य, खर्च, वेळ?

पत्रावळीवाल्याकडचे द्रोण, पाठकोरे कागद, सुतळी, फक्की, काडेपेट्या, मणी. खर्च किरकोळ. एकेक खेळ एका तासिकेत बसतो, चिठ्ठ्यांच्या खेळाला जोडून दोन तासिका घ्या. ६० पोरांचा वर्ग असेल तर सहा-सहाचे गट आणि प्रत्येक गटाला स्वतःचा सेट, समोर प्रात्यक्षिक करून दाखवलं की मागच्या बाकांचा हात लागत नाही आणि मग अर्थ राहत नाही.

मला स्वतःला कॉम्प्युटरचं काही येत नाही, मी घेऊ शकतो का?

हो सर, नक्की. मराठी आणि गणिताच्या शिक्षकांनी तर आवर्जून घ्यावं, सामान्यरूप आणि संभाव्यता तुमच्याकडंच आहे. आधी घरात एकदा खेळून बघा म्हणजे झालं.

पालक म्हणतात, आता शाळेत पण हे एआयचं खूळ कशाला?

त्यांना बोलवा आणि चिठ्ठ्या काढायला लावा. आमच्याकडं एक आजोबा आलते, त्यांनी तीन वाक्यं काढली, म्हणाले मटक्याच्या चिठ्ठीसारखंच आहे की. मी म्हणलं, आजोबा, तिथं सगळ्या चिठ्ठ्यांना सारखी संधी, इथं जे जास्त बोललं जातं त्याच्या चिठ्ठ्या जास्त. ते थोडा वेळ द्रोणाकडं बघत बसले, मग नातीला म्हणाले, परत काढ.

कोल्हापुरी बोलीतली वाक्यं घेतली तर चालतील?

चालतील काय, घ्याच. वर्गाचे दोन भाग करा. एकाला पाठ्यपुस्तकातली दहा वाक्यं, दुसऱ्याला पोरांनी स्वतः घरी ऐकून आणलेली: "काय करालाईस?", "मी जेवालोय", असली. दोन्ही गटांनी द्रोण भरायचे आणि वाक्यं काढायची. मग द्रोण अदलाबदल. पुस्तकी द्रोणातनं कितीही वेळा काढलं तरी "जेवालोय" येत नाही, येणारच नाही.

इथं मी हमखास एक गोष्ट काढते. आपल्याकडं बायका-पोरी सर्रास "मी आलो", "मी जातो" म्हणतात, मी बाई असून घरात तशीच बोलते, आई तशीच बोलायची. पुस्तकी चिठ्ठ्यांवर शिकलेलं मशीन ते चूक धरून "आले" करून देईल. एका वर्षी सातवीतली एक पोरगी यावर खूप वेळ गप्प बसली, नंतर तिनं विचारलं की बाई, मग चूक माझी का द्रोणाची? मी तिला उत्तर दिलं नाही, तिच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. तिनं "मी आलो"च्या पाच लिहिल्या आणि पुस्तकी द्रोणात टाकल्या, आणि सगळ्यांना दाखवून वाक्यं काढत बसली.

हा खेळ झाल्यावर पोरांचा प्रश्न बदलतो. आधी विचारायची, एआयला सगळं येतं का? आता विचारतात, त्यात काय काय टाकलंय? कुणी टाकलंय? मी जे काही शिकवते त्यात मला हा बदल सगळ्यात मोलाचा वाटतो.

मशीनला समजतं का, असं पोरं विचारतात, काय सांगायचं?

द्रोणाला समजत नाही, हे ठामपणे सांगा. मोठ्या मॉडेलबद्दल जाणकारांतच वाद आहे, तेही तसंच सांगा, उगाच एका बाजूनं निकाल देऊ नका. आणि "मेंदूसारखं आहे" हे वाक्य टाळा. ते एकदा डोक्यात बसलं की पोरं पुढचं बघायचं सोडून देतात.

उद्याच सुरू करायचं तर काय घेऊ?

"जोतिबाच्या नावानं" आणि वरची सहा वाक्यं, बाकी सगळं पुढच्या आठवड्यात. पंखा बंद ठेवा, चिठ्ठ्या उडतात. आठ द्रोण लागणार असतील तर बारा घेऊन जा, दोन-चार तर पोरं दाबून फोडतातच.